रानबाई थोरली

मी ॲथलेटिक ट्रेनर आहे असं सांगितलं की सुरतेच्या उधन्यात लोक आधी माझ्या दंडांकडे बघतात, मग पोटाकडे, आणि मग विचारतात, "जिम कुठे आहे तुमची?" जिम नाही हो. खेळाडू पडला की धावत जाणारी, घोटा मुरगळलाय की मोडलाय ते बघणारी, आणि मुळात तो पडूच नये म्हणून आधीपासून त्याच्या मागे लागणारी जी बाई असते, ती मी. एवढं सगळं सांगून झालं की समोरचा समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे मालिश." तिथे मी विषय सोडून देते. माणसानं किती ठिकाणी डोकं आपटून घ्यायचं.

बडोद्याला होस्टेलवर राहून शिकले. आमचे सर म्हणायचे, जिथे शरीर कामाला जुंपलंय तिथे तुमचं काम. मला वाटलं, मैदान असेल, शिट्टी असेल, पाठीवर नाव छापलेला ट्रॅकसूट असेल. मिळालं काय, तर उधन्याजवळच्या सचिन गावातल्या, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमधली एक खोली, जिच्यात आधी पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवायचे. शेठनं मोबाईलवर कुठेतरी बघितलं होतं की परदेशात कारखान्यातही असे ट्रेनर ठेवतात. कापडाचे ताके उचलून कामगारांच्या कमरा जातात आणि कमरा गेल्या की माल अडतो, हे त्याला पटलं. कामगारांना मात्र अजून पटायचं होतं. "गुडघ्यात वाका, कमरेत नको," असं मी रोज घसा फोडून सांगायची, आणि ते "हो मॅडम" म्हणून कमरेत वाकायचे.

संध्याकाळी क्रिकेट ॲकॅडमीत श्रीमंतांच्या पोरांचे खांदे. नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर बर्फाची पेटी घेऊन बसायचं. गरब्यात जेवढे गुडघे जातात तेवढे कुठल्याच खेळात जात नाहीत, हे मी कुठेही लिहून देईन. आणि श्रावणात कबड्डी. ती फुकट, कारण मंडळ आमच्याच गल्लीचं.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून पाटावर मांडायची, रविवारी पुरणाचा रोट करायचा, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आमचे सगळे काकेमामे धुळे-जळगावकडून सुरतेला मागावर आले, तेव्हा कानबाईही त्यांच्या गाठोड्यातून आली. आता ती इथे मंडप, डीजे आणि कबड्डीच्या स्पर्धेसकट बसते. कबड्डीचा देवीशी काय संबंध, असं मंडळाचे अध्यक्ष भटूआप्पा यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "शक्तीची देवता आहे ना."

आणि कानबाई दरवर्षी माझ्या आईच्या अंगात येते. आईचं नाव उषाबाई. एरवी गल्लीत तिला कोणी ओळखतही नाही. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणते आणि खाली मान घालून बसते. पण गाणी सुरू झाली की केस सोडून अशी घुमायला लागते की भटूआप्पाही चप्पल काढून उभे राहतात. मला लहानपणापासून या प्रकाराची लाज वाटायची. त्यातून देवीचे हुकूम इतके घरगुती. बाबांना उद्देशून देवी म्हणायची, गुटखा सोड. पुढच्या वर्षी, पत्र्याला भोक आहे ते बुजव. एका वर्षी, पोरीला पुढे शिकव. त्रिभुवनाचा कारभार बघणाऱ्या देवीला आमच्या पत्र्याचं भोक कसं दिसतं, असं मी मैत्रिणींना विचारायची आणि आम्ही खिदळायचो.

तर यंदाचा कानबाईचा रविवार. फायनल आमची आणि बारडोलीकडच्या टीमची. आमची भिस्त चेतनवर. चेतन शेजारच्या खोलीतला, माझ्याच मिलमध्ये जेट मशीनवर, म्हणजे उकळत्या रंगात कापड फिरवतात त्या अजस्र पिंपावर. बायको चंचल, आणि तिच्या कडेवर दात येत असलेली पोरगी. चढाईला गेला की मासळीसारखा निसटायचा पोरगा. आम्ही सलग तीन वर्षं फायनल हरत आलो होतो, त्यामुळे भटूआप्पांनी त्याला सकाळपासून बदाम खाऊ घातले होते.

मध्यंतर व्हायच्या जरा आधी चेतन चढाईला गेला. समोरच्या आडदांड गड्यानं त्याला कमरेत धरून उचलला आणि खाली टाकला. चेतनचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज मी कडेला बसून ऐकला. मी पेटी घेऊन धावेपर्यंत तो उठून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो चालत गेला आणि बारडोलीच्या राखीव खेळाडूंमध्ये जाऊन मांडी घालून बसला.

लोक हसले. मी नाही हसले. तेवढ्यात पंचांनी मध्यंतराची शिट्टी वाजवली. मी त्याच्यासमोर बसले. डोळे अर्धे मिटलेले, अंग पुढेमागे डोलतंय. "चेतन, मी कोण?" तो बघत राहिला. "आपण कुठे आहोत?" तर म्हणाला, "रंग उतरतोय. थांबवा. रंग उतरतोय." माणूस मिलमध्ये जेटसमोर उभा होता बिचारा, डोक्यातल्या डोक्यात. मी पुन्हा विचारलं, कोणाशी खेळतोयस. पुन्हा तेच, रंग उतरतोय.

हा मेंदूला बसलेला मार. असल्या माणसाला खेळवायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. एकदा हादरलेल्या डोक्याला दुसरा दणका बसला तर माणूस मैदानातच जाऊ शकतो. मी पेटी बंद केली आणि म्हटलं, हा बाहेर. दवाखान्यात न्यायचाय.

पण माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच मागून गल्लीतल्या सरस्वतीकाकूंनी हात जोडले होते. "आली," त्या म्हणाल्या. "बघा कसा डोलतोय. माय आली त्याच्या अंगात."

झालं. क्षणात सगळ्या मंडपात बातमी. बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. डफवाल्यानं डफ उचलला. कोणीतरी चेतनच्या कपाळावर मूठभर कुंकू थापलं, ते त्याच्या डोळ्यांत गेलं. भटूआप्पा तर पायाशीच पडले. "माय, आज जिंकू का आम्ही?"

"रंग उतरतोय," चेतन म्हणाला.

"बारडोलीचा रंग उतरणार," भटूआप्पांनी उठून सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि मंडपात जयजयकार झाला. बारडोलीच्या पोरांची तोंडं खरोखरच उतरली.

मी ओरडले. आप्पा, देवी नाही ती, डोक्याला मार लागलाय. त्याला उलटी होईल बघा आता. आणि त्याला झाली. त्यावर सरस्वतीकाकू म्हणाल्या, "माय पोट शुद्ध करून घेतेय." आता या बाईपुढे मी काय कपाळ बडवू?

पंचांकडे गेले. पंच म्हणजे निवृत्त पी.टी. शिक्षक, मला वाटलं यांना तरी कळेल. ते म्हणाले, "खेळाडू स्वतः म्हणत असेल खेळतो, तर मी कसा अडवू?" चेतनला विचारलं. चेतन म्हणाला, "खेळतो." विचारलं असतं तर तो त्या क्षणी लग्नालाही पुन्हा उभा राहिला असता. चंचलकडे गेले. तिची सासू बाजूला उभी होती, आणि सासूचे हात जोडलेले होते. "ताई, देवी आहे म्हणतात सगळे," ती म्हणाली आणि पोरीचं डोकं छातीशी दाबून धरलं. तिला काहीतरी चुकतंय हे कळत होतं. ते बोलायची तिची टाप नव्हती, एवढंच.

मग मी जाऊन मध्यरेषेवर उभी राहिले. म्हटलं, मला तुडवून खेळा. तर मंडळाच्या दोन पोरांनी अगदी आदरानं माझे कोपर धरले, उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं, पाण्याचा जार उचलून ठेवावा तसं. "ताई, तुम्ही मालिशचं बघा," एक जण म्हणाला. वाईट हेतूनं नाही म्हणाला. तेच जास्त झोंबलं.

शेवटची आशा आई. ती हातात कुंकवाचं ताट घेऊन खांबाला टेकून उभी होती. लोक तिला विचारत होते, उषाबाई, तुम्हीच सांगा, माय आहे ना? देवीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ती चेतनकडे बघत नव्हतीच. माझ्याकडे बघत होती, आणि म्हणत होती, "थांबा. बघू द्या." मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, आई, हा मरेल. शपथ घेऊन सांगते, पुन्हा डोक्यावर पडला तर मरेल. आईनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. तर ती म्हणाली, "मग सांग ना त्यांना."

"सांगितलं. कोण ऐकतंय माझं?"

आई ताटातलं कुंकू बोटानं सारखं करत राहिली.

तिकडे पंचांनी शिट्टी तोंडात धरली. चेतनला चौघांनी उभा केला होता आणि तो बारडोलीच्या बाजूला तोंड करून आपल्याच रेषेवर अडखळत होता. त्या बाजूला तो आडदांड गडी मांड्यांवर थापा मारत होता.

माझं डोकं फिरलं. खरं सांगते, काही ठरवून केलं नाही. रबरबँड ओढून काढला, केस सोडले आणि किंचाळले.

बाई गं. काय आवाज निघाला तो. माझा मलाच काटा आला. डफवाल्याचा हात थांबला. मी गोल फिरले, आईसारखी. एवढी वर्षं बघून बघून पाठच झालं होतं ना सगळं. फिरत फिरत मैदानात गेले आणि चेतनसमोर हात पसरून उभी राहिले. "येले कोनी हात नका लावा. मन्हं लेकरू शे हाई." घरातली अहिराणी अशी वेळेला कामाला आली.

लोक मागे सरले. पण भटूआप्पा तीन फायनल हरलेला माणूस, सहजासहजी थोडाच मागे हटतोय. "कानबाई तर चेतनमध्ये आहे," ते म्हणाले. "एक देवी दोघांत कशी येईल? ही पोरगी नाटक करतेय."

लोक कुजबुजायला लागले. माझी घुमायची लय चुकली. आता काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आमच्या कोर्समध्ये हे नव्हतं.

तेवढ्यात गर्दी फाकली आणि आई आली. शांतपणे, ताट घेऊन. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठून भटूआप्पांना म्हणाली, "कानबाई चेतनमध्ये आहे ना? ही रानबाई. तिची बहीण. बहीण आली तर बहीण येणार नाही का?"

कानबाईबरोबर रानबाई असतेच, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

"पण मग ऐकायचं कोणाचं?" भटूआप्पांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"रानबाई थोरली," आई म्हणाली.

असं कुठे म्हटलेलं आहे, ते मला आजतागायत कोणी दाखवलेलं नाही. पण उषाबाई म्हणाली म्हणजे असणार. सरस्वतीकाकूंनी दंडवत घातला आणि त्यांच्यामागे सगळी रांग खाली गेली. मी संधी सोडली नाही. "लेकराला आडवं करा. मान हलवू नका. कुंकू पुसा डोळ्यांतलं. एकशेआठ," मी गरजले. समोर एका म्हाताऱ्यानं खिशातून जपमाळ काढली आणि डोळे मिटले. "फोन लावा एकशेआठला, ॲम्ब्युलन्स," देवीला स्पष्ट करावं लागलं. "सीटी स्कॅन करा."

भटूआप्पांनीच फोन लावला. मी चेतनची मान दोन्ही हातांत धरून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसले आणि अधूनमधून घुमत राहिले, नाहीतर पुन्हा कोणाला शंका आली असती. चंचल माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं हात जोडले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

स्कॅनमध्ये डोक्यात थोडा रक्तस्राव दिसला. डॉक्टर चंचलला म्हणाले, वेळेत बाहेर काढलं म्हणून निभावलं, आणखी एक धक्का बसता तर हातात काही उरलं नसतं. चेतन आता बरा आहे. त्याला त्या दिवसातलं फक्त बदाम आठवतात. फायनल आम्ही हरलो, इतक्या वाईट तऱ्हेनं की बारडोलीवाल्यांनीच शेवटी हळू खेळायला घेतलं. भटूआप्पा अजून म्हणतात, थोरली जरा उशिरा आली असती तर काय बिघडलं असतं.

माझं बिघडलं ते वेगळंच. सोमवारी सकाळी मिलमध्ये गेले तर माझ्या खोलीबाहेर ही रांग. कमरा घेऊन नाही, नारळ घेऊन. एकाला बदली हवी होती, एकाला मुलगा. शेठनं केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, सब बोलते हैं आपमें माताजी आवे छे?" मी म्हटलं, शेठ, मी शिकलेली बाई आहे. ते म्हणाले, "वो तो ठीक छे. पण नवा जेट किस दिन चालू करना, वो तो पूछ लो." बाहेर येऊन मी सगळ्यांना दम दिला. जा कामाला, देवीबिवी काही नाही, आणि ताके गुडघ्यात वाकून उचला. तर ते गेले आणि खरंच गुडघ्यात वाकले. अख्खा विभाग. इतके दिवस घसा फोडला तेव्हा नाही, आणि आता बघा. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून अर्धी सुट्टी टाकून घरी आले.

विसर्जन आटोपलं होतं. बाबा दारात बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. "चहा घेशील... घ्याल का?" माझा सख्खा बाप. मी म्हटलं, बाबा, बसा खाली. ते बसले, पण अर्धेच.

आत आई कानबाईचा पाट धूत होती. ताटात कालचा रोट झाकून ठेवला होता. मी जेवायला बसले. ती पाट भिंतीला टेकवत म्हणाली, "मान एवढी जोरात हलवायची नाही. चक्कर येऊन पडली असतीस. खांदे हलवायचे, मान आपोआप हलते."

मी घास तसाच धरून बघत राहिले.

"आणि देवी सीटी स्कॅन म्हनस का? मोठ्या दवाखान्यात न्या, एवढंच म्हणायचं. बाकी त्यांना कळतं."

"आई," मी म्हटलं. "म्हणजे तू..."

"पहिली दोन वर्षं खरीच यायची," आई म्हणाली. तिला जरा रागच आला माझ्या तोंडाचा. "उगाच बोलू नको. खरीच. नंतर कधी यायची, कधी नाही. नाही आली म्हणून काय पत्र्याचं भोक बुजणार होतं? तुझ्या बाबांना मी वर्षभर सांगत होते. उषाबाईनं कोन आयकस?"

बाहेर बाबा कपबशी वाजवत होते. मी आवाज खाली आणला. "आणि ते मला शिकवायचं? बडोदा?"

"तुला धुळ्याला द्यायचं ठरलं होतं. त्या कंडक्टरच्या मुलाला. सुपारी फुटायची होती फक्त." आईनं पदरानं हात पुसले. "त्या वर्षी लई वेळ घुमावं लागलं. तुझे बाबा लवकर ऐकेनात. तेव्हाच हा गुडघा गेला."

मला आठवत होतं ते वर्ष. आई घुमून घुमून पडली होती, आणि मी माडीच्या जिन्यात मैत्रिणींबरोबर हसत उभी होते. मी ताट बाजूला सारलं. माझ्या नोकरीत दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे बघते मी, आणि ही बाई वर्षानुवर्षं माझ्यासमोर एक पाय ओढत चालते.

हात धुतले. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, दाखव. "काही नाही गं," ती म्हणाली. मी म्हटलं, दाखव. तिनं लुगडं वर घेतलं. गुडघा सुजलेला, बाजूनं दाबला की ती ओठ आवळायची. मी हळूहळू तो वाकवून बघितला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"घुमायचं बंद," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीपासून एकदम बंद. आणि मी सांगेन ते व्यायाम, रोज."

आईनं माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "कोन सांगी राह्यनं? तू का रानबाई?"

"मी," मी म्हटलं. "हर्षदा."

तिनं थोडा विचार केला, आणि दुसराही पाय माझ्यापुढे लांब केला.

"बरं," ती म्हणाली. "हाही बघ मग."